मधला पट्टा

१२ एप्रिल १९६४
संशोधन ठाणे, मुळशी

तीर्थरूप मामंजींस, जयाचा नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः फोडाल की न फोडताच आत्याबाईंच्या हातात द्याल, ठाऊक नाही. त्यांच्याकडे गेलं तर सारजा मोठ्याने वाचून दाखवील, म्हणजे ओसरीवर बसल्या जागी तुम्हाला ऐकू जाईलच. म्हणून सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल असंच लिहिते.

इथलं ठाणं बंद होतंय. वरून हुकूम आला. मे महिना लागला की सामान गुंडाळून मी भुकूमला येईन. पुण्याच्या कचेरीत मला जागा देऊ केली आहे, राहायला दोन खोल्याही आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सारजा, माझी लेक, माझ्याजवळ असेल. मी विचारत नाही, कळवते आहे. आडवळणाने बोललेलं तुम्हाला आवडत नाही, तेव्हा पहिल्याच कागदावर सांगून टाकलं.

इथे मी नेमकं काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आता निघायची वेळ आली, तर सांगते. कोळशाच्या ठेकेदारांनी हा सगळा उतार तोडून बोडका केला होता. तो नुसता राखला, गुरं आणि कुऱ्हाड लांब ठेवली, तर जंगल आपलं आपण परत येतं का, आणि आधी काय येतं, मागून काय येतं, हे बघायचं. एवढंच आमचं काम. त्यासाठी तारा ओढून तीन पट्टे राखलेत. एक ओढ्याकाठी, एक वर माळाला लागून आणि एक मधला. मधला सगळ्यात चांगला उठलाय. मी आले तेव्हा त्यातला हिरडा माझ्या गुडघ्याला लागत होता, आता त्याच्या सावलीत बसून डबा खाते. ऐन आहे, जांभूळ आहे, अंजनी आहे. ‘तितं जाऊन काय झाडं बघत बसनार?’ असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होता. होय मामंजी, झाडं बघत बसले, आणि चांगली बघितली.

आमचे साहेब फेब्रुवारीतच बदलून गेले. तेव्हापासून ठाण्याची मुखत्यार मीच. सोबतीला साळूबाई आहे, खालच्या वाडीतली. तिला मूलबाळ नाही, नवराही नाही. ती माझा स्वयंपाक करते आणि मी तिची बडबड ऐकते. राखणीला भैरू आहे, तोही वाडीतलाच. वाडीला आमच्या तारांचा राग आहे, कारण त्यांच्या गुरांचं रान आम्ही अडवलं. भैरूला घरी रोज बोलणी खावी लागतात आणि सकाळी तो पुन्हा तारेची राखण करायला येतो.

आत्याबाईंना नमस्कार. सारजाला म्हणावं, तिच्यासाठी शेकरूची शेपटी आणणार नाही. शेकरू जिवंत आहे आणि शेपटी त्यालाच लागते.

आपली,
जया


१९ एप्रिल

तीर्थरूप मामंजींस,

भैरू पौडच्या बाजाराहून आला. तिथे तुम्ही त्याला हाक मारून थांबवलंत म्हणाला. तुमचा निरोप सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मांजराला काहीतरी सांगावं तसा जमिनीकडे बघून म्हणाला, “पोर जानार न्हाई, म्हनले.” आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं तर नाही म्हणाला. पुढचं साळूबाईने त्याच्याकडून काढून घेतलं. ‘जंगलात ऱ्हानारीनं पोर मागू नये,’ असं तुम्ही म्हणालात.

मला वाईट वाटलं, पण निम्मंच. उरलेलं बरं वाटलं. तुम्ही निरोप पाठवलात, म्हणजे पत्र वाचलंत. आणि बाजारात भैरूला ओळखलंत, म्हणजे माझ्या ठाण्यावर कोण राखणदार आहे ते तुम्ही विचारून ठेवलं होतं.

आता माझं म्हणणं ऐका. तुमचे चिरंजीव विषमज्वराने गेले तेव्हा सारजा रांगत होती. भावकीत सगळे म्हणाले, हिला माहेरी पाठवा. तुम्ही मात्र गाडी जुंपलीत आणि मला पुण्याला कॉलेजच्या वसतिगृहात नेऊन सोडलंत. वाटेतल्या चढावर उतरून चालताना तुम्ही म्हणालात, “शिक. कुनाच्या तोंडाकडं बघू नगंस.” मी शिकले. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. मग जेव्हा तुमच्या तोंडाकडे बघायची वेळ आली, तेव्हाही बघितलं नाही. याचाच तुम्हाला राग आहे ना?

गावात शाळा काढायची आणि सुनेला तिथे बाई म्हणून बसवायची, हे तुम्ही मनात बांधलेलं घर होतं. ते मला न विचारता बांधलं होतंत. मला झाडांचं वेड लागलं होतं आणि तेही तुमच्यामुळेच, तुम्हीच ते शिकायला पाठवलं होतं. ‘जायचं तर जा, पोर हितंच राहील,’ असं तुम्ही ओसरीवरून सगळ्यांदेखत म्हणालात. मी गेले. पोरीसाठी मी रडले नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने साळूबाईला विचारावं. पण माघारी फिरले नाही. दिवाळीला आणि पावसाळ्यात मी घरी आले की तुम्ही मागच्या दाराने विहिरीवर निघून जायचात. इतक्या वेळा आले, एकदाही आपण समोरासमोर जेवलो नाही.

सारजाला तुम्ही उत्तम वाढवलंत. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती खोटं बोलत नाही आणि कुणाला भीत नाही. हे उपकार मी विसरणार नाही. पण ती माझी मुलगी आहे आणि मी तिला न्यायला येते आहे.

इकडे बांधाबांध चालली आहे. वाळवलेल्या फांद्या, पानं, बिया कागदात बांधून त्यांचे गठ्ठे करते. तारा काढून द्या म्हणून वाडीची माणसं दोनदा येऊन गेली. मी म्हटलं, मी इथून निघेपर्यंत तारा राहतील, मग तुम्ही जाणा आणि कचेरी जाणे. त्यांना ते आवडलं नाही.

आपली,
जया


२४ एप्रिल

तीर्थरूप मामंजींस,

अक्षर वाईट आहे, माफ करा. उजव्या हाताला चुलीचा चटका बसला म्हणून डाव्याने लिहिते. काळजीचं काही नाही.

इकडच्या डोंगरावर थोडं गवत जळलं. बाजारात कानावर आलं तर आत्याबाईंना सांगा, मी ठीक आहे. या दिवसांत असं होतंच.

मधल्या पट्ट्याचं काम आटोपलं.

आठवडाभराने इथून निघेन. सारजाचे कपडे धुऊन ठेवायला सांगावं.

जया


२९ एप्रिल

तीर्थरूप मामंजींस,

तुमचं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. त्यावर एवढंच आहे: ‘हात कसा भाजला? खरं लिही.’ खाली सही नाही, पण ती लागलीच नाही. एवढं दाबून दुसरं कुणी लिहीत नाही.

खरं लिहिते.

गेल्या बुधवारी दुपारची गोष्ट. वाडीतल्या एकाने राब भाजायला घेतला होता. नाचणीचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, हे तुम्हाला काय सांगायचं. तो कोण, ते मी पुण्याच्या साहेबांना सांगणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. सगळेच करतात ते त्याने केलं. वारा उठला तेव्हा तो भाकरी खायला घरी गेला होता, इतकंच.

मी खोलीत गठ्ठे बांधत होते. साळूबाई दारात येऊन उभी राहिली. एरवी तिचं तोंड थांबत नाही, त्या दिवशी नुसती बोट दाखवत होती. बाहेर आले तर पश्चिमेचा सगळा माळ धुराने भरलेला आणि धूर आमच्याकडे वाकलेला. आग अडवायला दरवर्षी आम्ही पट्ट्यांच्या कडेने गवत काढून जमीन मोकळी ठेवतो. यंदा ठाणं बंदच होणार म्हणून त्या कामाला माणसं दिली नव्हती. आम्ही पोचेपर्यंत वरचा पट्टा गेला होता.

वाडीतली माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावत आली. ज्यांना माझ्या तारांचा राग होता तीच. सगळ्यांनी मिळून आग झोडपायला सुरुवात केली, पण इकडे विझवावी तर तिकडे पुढे गेलेली असायची.

आता वाडी कुठे आहे ते ध्यानात घ्या. मधल्या पट्ट्याला लागून गाडीवाट आहे आणि गाडीवाटेला लागून वाडी. गवताची छपरं, दारात पेंढ्याच्या गंजी. मधल्या पट्ट्यात मी गुरं येऊ दिली नव्हती, त्यामुळे तिथलं गवत कमरेच्या वर, वाळून कडकडीत झालेलं. बाहेरच्या माळावर गुरांनी चरून काही ठेवलं नव्हतं, तिथे आग रांगत होती. माझ्या पट्ट्यात शिरली असती तर उभी राहिली असती आणि उभ्यानेच वाडीत गेली असती. वाडीच्या दाराशी ते सरपण मी राखून ठेवलं होतं, मामंजी, दुसऱ्या कुणी नाही.

भैरू धापा टाकत आला. म्हणाला, “बाई, फांद्यांनी न्हाई भागायचं. वाडी जातीया.”

मी म्हटलं, “गाडीवाटेच्या कडेने आपणच मधला पट्टा पेटवू. ही आग वाऱ्याच्या उलट हळूहळू आत सरकेल. मोठी आग येईस्तोवर तिला खायला काही उरणार नाही.”

त्याने विचारलं, “तुमचा पट्टा?”

“माझाच. काडी दे.”

त्याने काडेपेटी मुठीत धरून ठेवली. “उद्या सायब मला इचारतील, कुनी लावली.”

“तुला कुणी विचारणार नाही. मी लावते, सगळ्यांदेखत लावते. दे.”

त्याने दिली. मी वाकून गवताला काडी लावली. पहिली विझली. दुसरी धरली. मग गाडीवाटेने चालत जाऊन जागोजागी लावत गेले. बायका विहिरीवरून हंडे आणत होत्या, पुरुष ओली पोती घेऊन वाटेवर रांगेने उभे होते, ठिणगी अलीकडे आली की मारत होते. कुणी ओरडत नव्हतं. साळूबाई पुढे होऊन हंडे घेत होती आणि नावं घेऊन एकेकीला कुठे पाणी टाकायचं ते सांगत होती. तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

हिरड्याची पानं आधी आक्रसतात आणि मग तडतडतात. त्याबद्दल एवढंच लिहिते.

दोन्ही आगी पट्ट्याच्या मध्यावर भिडल्या. एकदम उंच झाल्या, तोंड फिरवावं लागलं इतका जाळ आला, आणि मग बसल्या. त्याच वेळी एक ठिणगी वाटेवरून उडून पहिल्या घराच्या गंजीवर पडली. मी जवळ होते. पेटलेला पेंढा हातानेच ओढून बाहेर टाकला आणि भैरूने वर पोतं मारलं. हात भाजल्याचं नंतर कळलं. साळूबाईने कोरफड लावली, दुसऱ्या दिवशी होडीने धरणाच्या पलीकडे जाऊन दवाखान्यात बांधून घेतला. बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, डाग राहील, काम थांबणार नाही.

वाडीतलं एकही घर गेलं नाही. ओढ्याकाठचा पट्टाही वाचला. मधला गेला.

चुलीचा चटका म्हणून लिहिलं, कारण मला माहीत होतं तुम्ही काय म्हणाल. जंगलात राहणारीला पोर देऊ नये, ते याचसाठी. अजूनही म्हणा. पण एक गोष्ट विचारते. त्या दुपारी मी तिथे नसते, गावच्या शाळेत फळ्यापुढे उभी असते, तर ती काडी कुणी लावली असती? लावायची भैरूला भीती होती आणि ती रास्त होती. मला हक्क होता, म्हणून मी लावली. मला पश्चात्ताप नाही. वाईट वाटतं, ते वेगळं. रोज सकाळी त्या काळ्या जमिनीवर एक फेरी मारून येते.

तुम्ही विचारलंत, म्हणून सगळं लिहिलं. विचारलंत, हे बरं केलंत.

आपली,
जया


४ मे

तीर्थरूप मामंजींस,

उद्या सकाळी होडीने निघते. त्याआधी एक बातमी माझ्याच हातून तुम्हाला जावी म्हणून हे लिहिते. आता उजव्या हाताने लिहिता येतं, थोडं तिरकं येतं.

मोठे साहेब पुण्याहून चौकशीला आले होते. जळलेले दोन्ही पट्टे फिरून बघितले. मग माझ्या खोलीत बसून विचारलं, मधला पट्टा पेटवायला परवानगी कुणाची घेतली? मी म्हटलं, कुणाची नाही, विचारायला वेळ नव्हता आणि विचारायला माणूसही नव्हतं. ते म्हणाले, इतक्या वर्षांचं सरकारी काम तुम्ही एका काडीने जाळलंत. मी म्हटलं, होय, आणि ते माझंही काम होतं. मग पहिली आग कुणाच्या राबाची, ते नाव द्या म्हणाले. मी म्हटलं, वाऱ्याने उडालेली आग, वाऱ्याचं नाव घाला. हे बोलायला नको होतं बहुतेक. त्यांचा चेहरा बदलला. पुण्याच्या जागेचा फेरविचार करावा लागेल, असं सांगून ते गेले.

तेव्हा नोकरी आहे की नाही, आज मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, ज्या बाईला स्वतःचाच ठिकाणा नाही ती पोरीला कुठे नेणार? विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माझं उत्तर असं, की ही जागा गेली तर दुसरी बघेन. मला पानं-फुलं ओळखता येतात, मुलांना शिकवता येतं आणि राबायची लाज नाही. सारजा उपाशी राहणार नाही. मी येतेच आहे.

वाडीतून आभार मानायला कुणी आलं नाही. मला ते अपेक्षितही नव्हतं. तारांबद्दलही कुणी बोललं नाही. आज सकाळी मात्र दार उघडलं तर अंगणात पुरुष बसलेले. ज्याच्या राबाची आग होती, तोही होता. एकाने माझी ट्रंक उचलली, दुसऱ्याने गठ्ठे, आणि सगळं सामान काठावर नेऊन ठेवलं. मी दिलेला चहा तेवढा घेतला. साळूबाई सकाळपासून माझ्याशी बोलत नाही, नुसती भांडी घासते आहे. तीच ती भांडी, पुन्हा पुन्हा.

आपली,
जया


८ मे
भुकूम, तुमच्याच ओसरीवरून

मामंजी,

पुण्याच्या कचेरीत गठ्ठे पोचते करून आज सकाळच्या गाडीने आले. तुम्ही घरात नाही. आत्याबाई म्हणाल्या, लवळ्याला बैल बघायला गेल्यात. पण तुमचा रुमाल खुंटीवर आहे आणि काठी दाराआड आहे. डोक्याला रुमाल न बांधता तुम्ही बैल बघायला जाणारे नाही. आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सारजा खांबाला टेकून उभी होती. पुढच्या दाताची फट भरून आलीय तिची. जवळ आली नाही. हाताकडे बघत म्हणाली, “तू जंगल जाळलंस व्हय? आबा म्हनले.”

मी म्हटलं, “एक तुकडा जाळला. घरं वाचवायला.”

“आबाबी तसंच म्हनले. आजीला सांगत हुते.” मग तिने विचारलं, “मला न्यायला आलीस?”

“हो.”

“आबांना इचारलंस?”

मामंजी, नऊ वर्षांच्या मुलीने मला दाराशी अडवून हे विचारलं. मी म्हटलं, विचारायलाच थांबले आहे. मग तिने सांगितलं की तुम्ही विहिरीवर आहात आणि मला सांगायचं नाही असं तिला बजावलं आहे. सांगून मोकळी झाली आणि मग माझ्याजवळ येऊन बसली.

शेजारपाजारची मंडळी दुपारी येऊन गेली. एकाने सुचवलं, पोरीलाच इचारा, कुनाकडं ऱ्हायचंय. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तिला हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. आज तिने तुमचं नाव घेतलं तर मी हरेन आणि माझं घेतलं तर तुम्ही, आणि दोन्हीकडून ते तिच्या माथ्यावर जन्मभर राहील. मोठ्या माणसांचं भांडण आहे, मोठ्या माणसांनी मिटवावं. ते तुमच्या-माझ्यात आहे, तिसरं कुणी नाही.

ट्रंक बांधून तयार आहे. आत्याबाईंनी तिचे कपडे घडी करून ठेवले आहेत. तुम्ही नसताना तिला घेऊन निघाले असते तर मला कुणी अडवलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही विहिरीवर जाऊन बसलात ना? मला ‘नाही’ म्हणायचं तुमच्या मनात नाही आणि ‘हो’ म्हणून तिला जाताना तुम्हाला बघवतही नाही. पण मी तिला तशी नेणार नाही. मला शिकायला पाठवलंत तेव्हा मी तुमच्या गाडीतून गेले, पाठीमागच्या दाराने नाही. तीही तशीच जाईल.

संध्याकाळची गाडी आत्ताच फाट्यावरून गेली. भोंगा इथवर ऐकू आला. मी उठले नाही.

तर आता विचारते. सारजाला शाळेसाठी माझ्याकडे पाठवाल का? शनिवारी-रविवारी ती इथे येईल, सुट्टीत इथेच राहील. तिच्यावाचून तुम्हाला घर खायला उठेल, हे मला कळतं. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार?

हे पत्र सारजाच्याच हाती पाठवते आहे. एकटी येते आहे ती, मी मागे येत नाही. वाचून झालं की तिचा हात धरून घरी या. आत्याबाईंनी चार पानं मांडली आहेत.

जया


२० जून
पुणे

तीर्थरूप मामंजींस, जयाचा नमस्कार.

तुम्ही सारजाला इथे सोडून गेलात त्याला आठवडा झाला. त्या दिवशी खोलीत आलात, खिडकीची कडी ओढून बघितलीत, पाण्याचा नळ उघडून बघितलात आणि चहा न घेता निघालात. विहिरीवरून तिला खांद्यावर बसवून आलात त्या संध्याकाळी जेवढं बोललात, त्याच्याहून एक शब्द जास्त बोलला नाहीत. “जून लागला की मी सोडाया येईन. आता वाढ.” तेवढं मला पुरलं होतं. इतक्या वर्षांनी तुम्हाला समोर बसून जेवताना बघितलं.

आता इकडचं सांगते. माझा हुकूम आला. जागा मिळाली, पण खालची. नमुने लावायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. संशोधनाचं काम तूर्त दिलेलं नाही. दोन्ही पट्टे कसे जळले आणि का, ते सगळं मी लिहून कचेरीला दिलं आहे, त्यात माझंही नाव स्पष्ट घातलं आहे. वर्ष-दोन वर्षांत माझं काम परत मिळवीन. मला त्याची शंका नाही.

सारजाचे पहिले दिवस अवघड गेले. लपवत नाही. झोपेत आबा म्हणून हाक मारते. मी जवळ घेतलं की अंग चोरते. परवा भाकरी करपली तर म्हणाली, आजीची करपत न्हाई. मी म्हटलं, मग तू शिकून घे आणि मला शिकव. त्यावर पहिल्यांदा हसली. काल माझा भाजलेला हात तिने आपणहून धरला, रस्ता ओलांडताना. ओलांडून झाल्यावर सोडला. बरं वाटलं. घाई नाही मला.

सोमवारी तिचं नाव शाळेत घातलं. मुख्याध्यापिका बाई पेन उघडून बसल्या होत्या. मुलीचं नाव झालं, जन्मतारीख झाली. मग त्यांनी विचारलं, पालकांचं नाव? मी तोंड उघडायच्या आत सारजाने खणखणीत आवाजात सांगितलं, “हैबतराव बाजीराव शेडगे.”

बाईंनी विचारलं, “वडील का?”

सारजा म्हणाली, “न्हाई. आबा.”

बाई माझ्याकडे बघू लागल्या. खोडून दुसरं लिहायचं का, असं त्यांच्या नजरेत होतं. मी म्हटलं, बरोबर सांगतेय ती, तेच लिहा.

तेव्हा शाळेत तिचे पालक तुम्ही आहात. प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला पालकांची सही लागते आणि ती बाईंच्या समोर येऊन करावी लागते, असं त्यांनी बजावून सांगितलं आहे. सकाळच्या गाडीने आलात तर वेळेवर पोचाल. त्या दिवशी चहा घेतल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही.

आपली,
जया